वाचकांचे प्रश्न : ब्रिज म्हणून लावलेला संगणक बंद का पडतो?

राउटर आणि स्विच यांच्या मधे दोन लॅन कार्डांचा जुना संगणक ब्रिज म्हणून, म्हणजे एका कार्डावर आलेली वाहतूक दुसऱ्यावरून पुढे देणारा पूल म्हणून, बसवला, की कोण किती डेटा ओढतो ते दिसतं आणि नको ती वाहतूक अडवता येते. कुठल्याच संगणकाचा आयपी बदलावा लागत नाही. पण असा संगणक बंद पडला, तर सगळं कार्यालय बंद पडतं. या अंकात अशाच तक्रारी घेतल्या आहेत. आज्ञा आणि संदेश उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापले आहेत. टंकताना त्यांचं नेहमीचं इंग्रजी स्पेलिंग वापरावं.

प्रश्न : आमच्याकडे ४० संगणक आहेत. राउटर आणि मुख्य स्विच यांच्या मधे डेबियन लिनक्स घातलेला जुना डेस्कटॉप ब्रिज म्हणून चालतो. दर दोन-तीन दिवसांनी तो मरतो. पडदा काळा होतो, कीबोर्ड दाद देत नाही, बटण दाबून धरूनच बंद करावा लागतो. लॉगमध्ये काहीच सापडत नाही. रॅम बदलली, लिनक्स नव्याने टाकलं, फरक नाही. आता काय बदलावं? (नाशिक)

उत्तर : सध्या काहीच बदलू नका. पुरावा हातात नसताना सुटे भाग बदलत गेलात, तर पैसे जातील आणि दोष तिथेच राहील.

पुढच्या वेळी मशीन थांबलं की बटणाला हात लावण्याआधी कॅप्स लॉक दाबा. दिवा लागला-विझला, तर कर्नल (लिनक्सचा गाभा) जिवंत आहे आणि बिघाड नेटवर्क कार्डात किंवा पडद्यात आहे. दिवा ढिम्म राहिला, तर मशीन खरोखर गोठलं आहे. जुना गोल पिनचा पीएस/२ कीबोर्ड असेल आणि त्याचे दिवे आपोआप उघडझाप करत असतील, तर तो कर्नल पॅनिक, म्हणजे कर्नलला सावरता न आलेली चूक. यूएसबी कीबोर्डवर ही खूण सहसा दिसत नाही, म्हणून तपासणीपुरता जुना कीबोर्ड लावून ठेवा. आणि वेळ लिहून ठेवा. सकाळी अकराला, सगळे कामात असताना मरत असेल तर संशय उष्णता, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आणि कार्डाच्या ड्रायव्हरवर. रात्री दोनला, वाहतूक नसताना मरत असेल तर वीज वाचवणाऱ्या सोयींवर.

लॉग रिकामा का असतो? लॉग डिस्कवर लिहिण्याचं कामही कर्नलच करतो. तोच गोठला की शेवटच्या ओळी रॅममध्ये राहून जातात. आधी /वार/लॉग/जर्नल हे फोल्डर आहे ना ते पाहा. ते नसेल तर जर्नल (सिस्टिमचा लॉग) रॅममध्येच राहतो आणि रीस्टार्टबरोबर पुसला जातो. फोल्डर असेल तर ‘जर्नलसीटीएल -के -बी -१’ या आज्ञेने मागच्या खेपेचे कर्नलचे संदेश दिसतील. तिथे शेवटची ओळ अगदी सामान्य असेल, तर संदेश मशीनबाहेर पाठवण्याची सोय करावी लागेल. त्याचे मार्ग असे.

सगळ्यांत सोपा मार्ग म्हणजे ग्राफिकल डेस्कटॉप बंद करून मशीन साध्या मजकुराच्या पडद्यावर चालवणं, कर्नलच्या बूट ओळीत (सुरू होताना त्याला मिळणाऱ्या सूचनांत) ‘कन्सोलब्लँक=०’ घालणं आणि मॉनिटर चालू ठेवणं. पडदा काळा झालाच नाही, तर मरतानाचा मजकूर त्यावर राहतो आणि मोबाइलने फोटो काढता येतो. डेस्कटॉप चालू असताना पॅनिकचा मजकूर बहुधा दिसतच नाही, म्हणून तो बंद ठेवायचा.

दुसरा मार्ग नेटकन्सोलचा. यात कर्नल आपले संदेश यूडीपीने (पोचपावती न मागता डेटा पाठवण्याच्या पद्धतीने) दुसऱ्या संगणकाकडे थेट पाठवतो. सहसा पोर्ट ६६६६ वापरतात. इथे बरेच जण अडकतात, कारण ब्रिजमध्ये घेतलेल्या कार्डावरून नेटकन्सोल सुरूच होत नाही. त्यासाठी तिसरं कार्ड हवं, तेही पीसीआयचं. यूएसबीचं अडॅप्टर या कामाला भरवशाचं नाही. तिसऱ्या कार्डातून एक केबल सरळ दुसऱ्या लिनक्स संगणकात घाला, तिथे ‘एनसी -यू -एल ६६६६’ चालवून ठेवा आणि ब्रिजवर ‘डीमेसेज -एन ८’ द्या, म्हणजे सगळ्या पातळ्यांचे संदेश जातील. मग /डेव्ह/केमेसेज मध्ये एक शब्द लिहून तो पलीकडे पोहोचतो का ते बघा. ही चाचणी न करता तीन दिवस वाट पाहिलीत, तर ते तीन दिवस वाया जाण्याचा धोका आहे. जुन्या मदरबोर्डवर कॉम पोर्ट असेल तर नल-मोडेम केबलने ११५२०० या वेगावर सिरियल कन्सोल घेणं त्याहूनही खात्रीचं, कारण त्यात नेटवर्कचा भागच नाही.

सोबत ‘कर्नल.सॉफ्टलॉकअप_पॅनिक=१’ आणि ‘कर्नल.पॅनिक=१०’ या दोन सेटिंग घाला. एखादा सीपीयू सुमारे २० सेकंद एकाच कामात अडकून पडला, तर कर्नल त्याची नोंद करतो. या सेटिंगमुळे तो नोंद पाठवून पॅनिकमध्ये जाईल आणि १० सेकंदांनी स्वतः रीस्टार्ट होईल.

संदेश हाती आला, की ‘कॉल ट्रेस’ (त्या क्षणी कर्नलची कुठली फंक्शन चालू होती त्याची यादी) शोधा आणि दोन-तीन वेळचे ट्रेस शेजारी ठेवून वाचा. दर वेळी तेच फंक्शन, चौकटी कंसात त्याच ड्रायव्हरचं नाव दिसलं, तर दोष ड्रायव्हरचा किंवा त्या कार्डाचा. दर वेळी भलतीच जागा दिसली, एकदा फाइल सिस्टिम, एकदा मेमरी, एकदा नेटवर्क, तर सॉफ्टवेअरच्या मागे लागू नका. तो रॅमचा, एसएमपीएसचा किंवा उष्णतेचा खेळ आहे. ‘मशीन चेक’ असे शब्द दिसले, तर तक्रार खुद्द हार्डवेअरनेच नोंदवलेली असते.

तुम्ही रॅम बदललीत, पण नवी तपासली का? मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवा. एक चूक दिसली तरी ती पट्टी बाद. ‘एकच तर आहे’ म्हणून सोडू नका. रॅमच्या सोनेरी कडा खोडरबरने हलक्या पुसून, स्लॉट बदलूनही बघा, कारण कधीकधी दोष स्लॉटचा असतो. एसएमपीएसचं व्होल्टेज मशीन कामात असताना मल्टिमीटरने मोजा. १२ व्होल्टची तार ११.४ ते १२.६ मध्ये आणि ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ मध्ये असली पाहिजे. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, क्षणभराची घसरण त्यात दिसत नाही. त्यामुळे आकडे बरोबर आले तरी जुना एसएमपीएस निर्दोष ठरत नाही. शक्य असेल तर दुसऱ्या चालू मशीनचा लावून पाहा. मदरबोर्डवरचे कॅपॅसिटर डोक्याला फुगलेले किंवा पाझरलेले दिसले, तर बोर्डाचे दिवस भरले. ‘सेन्सर्स’ आज्ञेने तापमान बघा, भर दुपारी बघा. एप्रिल-मे महिन्यांत बंद कपाटात ठेवलेला डेस्कटॉप आणि एसीतला डेस्कटॉप यांची तुलनाच नको. सीपीयूवर पंखा असतो, लॅन कार्डाच्या चिपवर बहुधा नसतो. साधा डेस्कटॉप मुख्यतः स्वतःच्या नावाची फ्रेम (तारेवरून जाणारा डेटाचा तुकडा) घेतो. ब्रिज समोरून जाणारी प्रत्येक फ्रेम उचलून पलीकडे टाकतो, तीही दिवसभर. घरी वर्षानुवर्षं विनातक्रार चाललेलं कार्ड इथे दम तोडतं, ते म्हणूनच.

संशय ड्रायव्हरवर गेला, तर ‘एलएसपीसीआय -एनएनके’ ने चिप आणि ड्रायव्हर नक्की कोणते ते बघा. मग कार्डाच्या हातचलाखीच्या सोयी (पाकिटांचे तुकडे करण्याच्या आणि ते जोडण्याच्या) बंद करून पाहा : ‘ईथटूल -के’ ला (इथला के मोठ्या लिपीतला) कार्डाचं नाव आणि ‘टीएसओ ऑफ जीएसओ ऑफ’ द्या. एलआरओ चालू असेल तर तो आधी बंद. एलआरओ आलेल्या अनेक पाकिटांचं एक मोठं पाकीट करतो. जो संगणक पाकिटं स्वतःच वाचणार, त्याला ते चालतं. ब्रिजला मात्र ती होती तशीच पुढे द्यायची असतात. नवे कर्नल ब्रिजमध्ये कार्ड घेताच एलआरओ आपोआप बंद करतात. जुन्या बाहेरच्या ड्रायव्हरांवर विसंबू नका. इंटेलच्या १० गिगाबिट कार्डांच्या ड्रायव्हरबरोबरच्या सूचनापत्रातच इशारा आहे, की ब्रिजिंगबरोबर एलआरओ चालू ठेवल्यास वेग पडू शकतो, कर्नल पॅनिकही होऊ शकतो.

लॉगमध्ये ‘डिटेक्टेड हार्डवेअर युनिट हँग’ किंवा ‘ट्रान्समिट क्यू टाइम्ड आउट’ दिसलं आणि कीबोर्ड जिवंत असला, तर गोठलं ते फक्त कार्ड. पहिला संदेश इंटेल कार्डांच्या ई१०००ई ड्रायव्हरचा ओळखीचा आहे आणि बऱ्याचदा टीएसओ, जीएसओ बंद केल्यावर थांबतो. ही सेटिंग रीस्टार्टनंतर पुसली जाते, म्हणून इंटरफेसच्या फाइलमध्ये ‘पोस्ट-अप’ च्या ओळीत घाला.

रात्री, रिकाम्या वेळी मरणाऱ्या मशीनसाठी बूट ओळीत ‘पीसीआयई_एएसपीएम=ऑफ’ घालून पाहा, म्हणजे कार्डांच्या जोडणीची वीजबचत बंद होईल. प्रोसेसर सेलेरॉन जे१९०० किंवा त्याच्या बे ट्रेल कुटुंबातला असेल, तर ‘इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१’ आधी. लिनक्सवर हे प्रोसेसर खोल झोपेतून उठताना गोठतात, हे अनेक वर्षांपासून माहीत आहे. विजेचं बिल किंचित वाढेल, पण मशीन चालेल.

एका वेळी एकच बदल करा आणि पुरेशी वाट बघा. सरासरी तीन दिवसांनी, कधीही, मरणारं मशीन काहीही न करता तीन दिवस तगण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के असते. म्हणजे तीन दिवस नीट चाललं, यावरून काहीच सिद्ध होत नाही. नऊ दिवस तगलं तर ती शक्यता ५ टक्क्यांवर येते. तेव्हा कुठे म्हणता येईल की बदल लागू पडला. तुमच्या रॅम बदलण्याच्या प्रयोगालाही हाच हिशेब लावा.

तोवर काम थांबू नये म्हणून सिस्टिमडीच्या (लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या) सिस्टिम.कॉन्फ फाइलमध्ये ‘रनटाइमवॉचडॉगसेक=३०’ घाला. बोर्डावर हार्डवेअर वॉचडॉग असेल, तर गोठलेलं मशीन तो स्वतःच रीस्टार्ट करेल. आणि एक चिठ्ठी लावलेली पॅच केबल शेजारी टांगून ठेवा. ब्रिज बंद पडला की त्याच्या दोन्ही केबली काढायच्या आणि राउटर-स्विच या केबलने सरळ जोडायचे. कुठल्याच संगणकावर काही बदलावं लागत नाही. मात्र आधी दोन्ही केबली काढा, मग ही लावा. का, ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : ‘एक केबल तुटली तर दुसरी चालेल’ म्हणून ब्रिजच्या संगणकापासून स्विचपर्यंत आणखी एक केबल टाकली. काही सेकंदांत सगळं नेटवर्क ठप्प. स्विचचे सगळे दिवे एकसाथ लुकलुकतात, संगणक माउसही हलू देत नाही. संगणक जळाला का? (पिंपरी)

उत्तर : नाही. दुसरी केबल काढा. काही सेकंदांत मशीन शुद्धीवर आलं, तर ते क्रॅश झालंच नव्हतं. तुम्ही वर्तुळ तयार केलंत.

आयपीच्या पाकिटाला आयुष्य असतं, दर राउटरमागे एक आकडा कमी होतो आणि शून्यावर ते मरतं. ईथरनेटच्या फ्रेमला असा आकडाच नाही. त्यामुळे ब्रॉडकास्टची, म्हणजे सगळ्यांना उद्देशून पाठवलेली, एक फ्रेम वर्तुळात शिरली की फिरतच राहते, आणि दर फेरीत स्विच तिच्या प्रती बाकीच्या सगळ्या पोर्टांवर टाकतो. १ गिगाबिटच्या तारेवर लहानात लहान, ६४ बाइटच्या फ्रेम सेकंदाला सुमारे १४.८८ लाख मावतात. स्विचची चिप हे झेलते. संगणकाला मात्र प्रत्येक फ्रेमसाठी सीपीयू खर्चावा लागतो, म्हणून ‘टॉप’ आज्ञेत ‘केसॉफ्टआयआरक्यूडी’ ही कर्नलची प्रक्रिया १०० टक्क्यांवर दिसते आणि माउसची पाळीच येत नाही. लॉगमध्ये ‘रिसीव्ह्ड पॅकेट विथ ओन अ‍ॅड्रेस अ‍ॅज सोर्स अ‍ॅड्रेस’ अशा अर्थाची ओळ सापडेल. स्वतःचीच फ्रेम परत दारात आली, असं ब्रिज सांगतो. वर्तुळाची ही सर्वांत खात्रीची खूण.

दुसरी केबल हवीच असेल, तर स्पॅनिंग ट्री चालू करा. राडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये ही पद्धत नेमक्या याच दुखण्यासाठी रचली : ब्रिज एकमेकांना छोटे संदेश पाठवतात आणि जास्तीचा रस्ता बंद ठेवतात. लिनक्सच्या ब्रिजवर ती मुळात बंद असते. ‘आयपी लिंक सेट बीआर० टाइप ब्रिज एसटीपी_स्टेट १’ ने चालू होते. यानंतर केबल लावल्यावर पोर्ट १५ सेकंद ऐकतो, १५ सेकंद शिकतो, मग वाहतूक सोडतो. या अर्ध्या मिनिटाला बिघाड समजून केबल काढ-घाल करू नका, घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच असेल तर त्याच्या पोर्टावर बीपीडीयू गार्ड लावलेलं नाही ना ते बघा. ते असलं, तर स्पॅनिंग ट्रीचा पहिला संदेश येताच स्विच तो पोर्टच बंद करतो, आणि पुन्हा ‘ब्रिज मेला’ अशी ओरड होते. साध्या, स्वस्त स्विचांत काही हे संदेश पुढे जाऊ देतात, काही गिळतात. गिळणारा स्विच मधे असेल तर वर्तुळ ब्रिजच्या लक्षातच येत नाही. तिथे दुसरी केबल टाकूच नये.

प्रश्न : विंडोज ११ च्या लॅपटॉपवर वाय-फाय आणि लॅन यांचा ब्रिज करून सीसीटीव्हीचा डीव्हीआर इंटरनेटला जोडला आहे. दिवसातून दोनदा निळा पडदा येतो, ‘ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’. (सोलापूर)

उत्तर : या संदेशाचा अर्थ असा, की एखाद्या ड्रायव्हरने ज्या क्षणी हात लावायला नको होता, त्या क्षणी मेमरीच्या एका पानाला हात लावला. पडद्यावर एनडीआयएस.सिस असं नाव दिसलं, तरी त्यालाच दोषी धरू नका. तो विंडोजचा सामाईक थर आहे. खरा दोषी बहुधा त्याच्या खालचा कार्डाचा ड्रायव्हर किंवा त्याला चिकटलेला अँटिव्हायरस, व्हीपीएन, पाकिटं पकडणारं सॉफ्टवेअर असतं.

सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ उघडा, आपोआप रीस्टार्टची खूण काढा, ‘स्मॉल मेमरी डंप’ (बंद पडतानाच्या मेमरीची छोटी नोंद) निवडा. सी ड्राइव्हवर पेज फाइल असू द्या, नाहीतर डंप लिहिला जात नाही. पुढचा निळा पडदा आला की विंडोज फोल्डरमधल्या मिनीडंपमध्ये एक फाइल तयार होईल. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून विनडीबीजी (डंप वाचणारा प्रोग्राम) घ्या, ती फाइल त्यात उघडा आणि ‘!अ‍ॅनलाइझ -व्ही’ द्या. ‘मॉड्यूल नेम’ पुढचं नाव दोन-तीन फाइलींत तेच आलं, की तो ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्याच्या साइटवरून नवा घ्या.

पण आमचा सल्ला विचाराल, तर हा ब्रिज मोडा. वाय-फायला जोडलेल्या क्लायंटच्या फ्रेममध्ये पत्त्यांच्या तीनच जागा असतात. डीव्हीआरचा स्वतःचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) त्यात मावत नाही. अ‍ॅक्सेस पॉइंट फक्त लॅपटॉपला ओळखतो. म्हणून विंडोजला पत्ते बदलत बसावं लागतं. लिनक्स तर चौथा पत्ता चालू केल्याशिवाय असं वाय-फाय कार्ड ब्रिजमध्ये घेतच नाही. डीव्हीआरला फक्त इंटरनेट हवं असेल तर ‘इंटरनेट कनेक्शन शेअरिंग’ वापरा. लॅपटॉपची लॅन बाजू १९२.१६८.१३७.१ होईल आणि डीव्हीआरला त्याच मालिकेतला पत्ता मिळेल. घरातल्या मोबाइलवरून डीव्हीआर थेट दिसायला हवा असेल, तर डब्ल्यूडीएस किंवा क्लायंट ब्रिजची (वाय-फायवरूनच ब्रिज करण्याची) सोय असलेला छोटा राउटर घ्या आणि लॅपटॉप या कामातून मोकळा करा.

प्रश्न : ब्रिजचा संगणक व्यवस्थित चालू आहे, लॉगिन होतं, पण त्यावर डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणारं सॉफ्टवेअर) टाकल्यापासून मागच्या संगणकांचं इंटरनेट गेलं. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : डॉकरच्या अनेक आवृत्त्या ‘बीआर_नेटफिल्टर’ हे मॉड्यूल चढवतात आणि फॉरवर्ड साखळीचं (पुढे जाणाऱ्या पाकिटांच्या नियमांच्या यादीचं) धोरण ‘ड्रॉप’, म्हणजे टाकून द्या, असं करतात. मॉड्यूल चढलं की ब्रिजमधून जाणारी पाकिटंही आयपीटेबल्ससमोर (लिनक्सच्या फायरवॉलसमोर) उभी राहतात, आणि ड्रॉप होतात. ब्रिजवर आयपीटेबल्सने गाळण करत नसाल तर ‘नेट.ब्रिज.ब्रिज-एनएफ-कॉल-आयपीटेबल्स=०’ द्या, आयपीव्ही६ साठी तशीच जोडओळ द्या, काम झालं.

गाळण करत असाल तर फॉरवर्डमध्ये ब्रिजसाठी परवानगीचा नियम लिहा, आणि लॉगमध्ये ‘एनएफ_कॉनट्रॅक : टेबल फुल’ येतंय का त्यावर लक्ष ठेवा. चालू जोडण्यांच्या नोंदींचं हे टेबल भरलं की आधीची डाउनलोड चालू राहतात, नवी साइट मात्र उघडत नाही. चालू टीसीपी जोडणीची नोंद मुळात पाच दिवस ठेवली जाते. ती मुदत काही तासांवर आणणं हा टेबल मोठं करण्याइतकाच उपयोगी उपाय आहे.

प्रश्न : लाइट गेली की राउटर इन्व्हर्टरवर चालू राहतो, ब्रिजचा संगणक मात्र रीस्टार्ट होतो. दोघं एकाच इन्व्हर्टरवर आहेत. (रत्नागिरी)

उत्तर : इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असा खटका असेल, तो यूपीएसवर करा. एसएमपीएस वीज गेल्यावर पूर्ण भारावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरेल असा बनवलेला असतो. नॉर्मलवर इन्व्हर्टर बदलायला त्याहून जास्त वेळ घेऊ शकतो. राउटरला भार कमी, त्याचा अडॅप्टर तेवढा वेळ काढतो. खटका यूपीएसवर असूनही रीस्टार्ट होत असेल, तर एसएमपीएसमधले कॅपॅसिटर बहुधा सुकले आहेत. नवा एसएमपीएस घ्या. बायोसमध्ये ‘पॉवर लॉस’ नंतर ‘पॉवर ऑन’ निवडा, म्हणजे बॅटरी पूर्ण संपली तरी वीज येताच मशीन स्वतः उठेल.

ब्रिजची एक केबल शेजारच्या इमारतीतून उघड्यावरून येत असेल, तर पावसाळ्याआधी ती तांब्याची केबल काढून फायबर आणि दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर लावा. दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असतं, आणि जवळ वीज पडली की तो फरक लॅन कार्डातून वाट काढतो.